आधी खातं की आधी परदेशी क्लब?

पत्र: सर, नमस्कार. मी १९ वर्षांचा आहे, पिंपरीत राहतो, एस. वाय. बी. कॉम. करतोय. हॉकीत राइट इन खेळतो, म्हणजे उजवीकडचा फॉरवर्ड. ज्युनियर नॅशनल महाराष्ट्राकडून खेळलोय. आता दोन गोष्टी एकदम आल्यात. मुंबईतल्या एका सरकारी खात्याच्या संघाने ट्रायलनंतर दोन वर्षं स्टायपेंडवर बोलावलंय. कायम नोकरी नंतर, जागा निघाल्या तर. आणि आमच्या ग्राऊंडवरचे एक सीनियर जर्मनीत आहेत, त्यांच्या ओळखीने तिथल्या तिसऱ्या पातळीवरच्या एका क्लबने सीझनसाठी विचारलंय. राहणं, जेवण, सायकल, थोडा पॉकेटमनी, आणि आठवड्यातून तीन दिवस लहान मुलांना शिकवायचं. पप्पा म्हणतात, खातं घे, धनराजनेही आधी नोकरीच धरली होती. मी म्हणतो, धनराज सर पाच देशांत क्लब खेळले म्हणून मोठे झाले. रोज वाद होतात. बरोबर कोण? आणि बाहेर गेलो तर इंडिया कॅम्पवाले मला विसरतील का? – एक राइट इन, पिंपरी

प्रिय राइट इन,

तुम्ही बापलेकांनी भारतीय हॉकीचा माजी कप्तान धनराज पिल्ले याला दोन्ही बाजूंचा साक्षीदार करून ठेवलंय, आणि त्याची साक्ष थोडी थोडी दोघांच्याही बाजूने जाते. पप्पा म्हणतात ते खरं, मुंबईत आल्यावर त्याने आधी कंपनीचा संघ धरला. तू म्हणतोस तेही खरं, इंग्लंड, फ्रान्स, मलेशिया, बांगलादेश आणि जर्मनी इथल्या क्लबांकडून तो खेळला. फक्त तुझ्या वाक्यातलं ते ‘म्हणून मोठे झाले’ मला पटत नाही. तो मोठा झाला म्हणून क्लबांनी त्याला बोलावलं. तू क्रम उलटा लावला आहेस, आणि माझं सगळं उत्तर त्या क्रमावर उभं आहे. तेव्हा आडपडदा न ठेवता सांगून टाकतो: स्टायपेंड घे. जर्मनीला ‘नाही’ म्हणू नकोस, ‘नंतर’ म्हण. आता का ते.

पिंपरीहून लोकल धरली की कासारवाडी, दापोडी आणि मग खडकी. १६ जुलै १९६८ चा धनराजचा जन्म तिथला. वडील ऑर्डनन्स फॅक्टरीत ग्राऊंडची देखभाल करायचे. फॅक्टरीच्या कॉलनीतल्या मातीच्या मैदानावर भाऊ-भाऊ हॉकी खेळायचे, तेही मोडक्या स्टिकांना दोरी गुंडाळून आणि कुणीतरी टाकून दिलेल्या बॉलने. ही गोष्ट तू शंभर वेळा ऐकली असशील, तुझ्या ग्राऊंडवर कुणीतरी कोच दर रविवारी ती सांगतच असणार. पण तिचा पुढचा भाग कुणी सांगत नाही, कारण त्यात रडू येण्यासारखं काही नाही. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर तो मुंबईला आला, कारण थोरला भाऊ रमेश तिथे होता. रमेश आरसीएफ या सरकारी खत कंपनीकडून मुंबईच्या लीगमध्ये खेळत होता आणि भारताकडूनही खेळलेला होता. म्हणजे शहरात पाय ठेवला तेव्हा धनराजपाशी झोपायला जागा होती आणि सल्ला द्यायला घरचाच इंटरनॅशनल होता. मग महिंद्रा अँड महिंद्राचा संघ मिळाला आणि तिथे जोकिम कार्व्हालोसारखा कोच. पुढे इंडियन एअरलाइन्स. १९८९ च्या अखेरीस दिल्लीतल्या आशिया कपमध्ये तो भारताकडून पहिल्यांदा उतरला, तेव्हा एकवीस वर्षांचा होता.

तुझ्या वयाचा असताना, म्हणजे एकोणिसाव्या वर्षी, तो कुठल्याही परदेशी लीगमध्ये नव्हता. तो मुंबईत लोकल हॉकी खेळत होता. मोठ्या पोरांच्या पायात पाय अडकत, खात्याखात्यांच्या संघांतल्या त्या तिशीतल्या मुरलेल्या हाफबॅकांकडून मार खात. (हे हाफबॅक तुला भेटतील तेव्हा कळेल. पळत फारसे नाहीत, पण तू वळणार कुठे हे त्यांना तुझ्या आधी कळतं.) हे शिक्षण तिसऱ्या पातळीवरच्या जर्मन क्लबात मिळतं का? काही प्रमाणात मिळतं. पण तिथे तुझ्यासमोर अभियांत्रिकी शिकणारा, आठवड्यातून दोन-तीन संध्याकाळी सरावाला येणारा पोरगा असेल. इथे खात्याच्या सरावात तुझ्यासमोर असा माणूस असेल ज्याचं पोटच हॉकीवर आहे.

आता जरा हिशोब कर. डिसेंबर १९८९ ते ऑगस्ट २००४ या काळात धनराज भारतासाठी ३३९ सामने खेळला. आकडा डोंगराएवढा वाटतो, पण भागाकार केलास तर वर्षाला सरासरी तेवीसच पडतात. चार ऑलिंपिक, चार वर्ल्ड कप, चार एशियाड, चार चॅम्पियन्स ट्रॉफी, सगळं त्यातच आलं. कॅम्पचे आणि दौऱ्यांचे दिवस धरले तरी वर्ष बरंच उरतं. उरलेल्या वर्षात पगार कुणाचा? दुखापत झाली, महिना-दोन महिने घरी बसला, तर घरात पैसे कुठून? तुझ्यासारख्या मुलांना इंटरनॅशनल करिअर म्हणजे सलग वाहणारी नदी वाटते. प्रत्यक्षात ते तुकडे असतात, आणि तुकड्यांना जोडणारा धागा बहुतेकांच्या बाबतीत खात्याची नोकरी असते. आजच्या भारतीय संघातही रेल्वे, पेट्रोलियम कंपन्या, पोलीस, सैन्यदल यांच्या पगारावरचेच खेळाडू जास्त दिसतील. इंडियाची जर्सी आपल्या हातात नसते. ती आज मिळते, उद्या काढून घेतात, आणि कारण सांगतीलच असं नाही.

यावरून १९९८ आठवतं. बँकॉकचं एशियाड, कप्तान धनराज, फायनलला दक्षिण कोरिया, सामना पेनल्टी स्ट्रोकवर गेला, गोलकीपर आशिष बल्लाळ पहाडासारखा उभा राहिला आणि भारताला ३२ वर्षांनी एशियाडचं सुवर्ण मिळालं. त्या स्पर्धेत भारताकडून सर्वाधिक गोल कप्तानाचेच होते. परत आल्यावर काय झालं? पुढच्या मालिकेसाठी संघ जाहीर झाला आणि त्यात धनराज, बल्लाळ यांच्यासह सुवर्ण जिंकलेले अर्धा डझनहून जास्त खेळाडू नव्हते. अधिकृत कारण होतं ‘विश्रांती’. खेळाडूंनी मानधनाबद्दल तोंड उघडलं म्हणून ही शिक्षा, असं तेव्हा उघड बोललं गेलं. आता तू स्वतःला त्या जागी ठेव. गळ्यात सुवर्णपदक आहे आणि संघात नाव नाही. अशा वेळी सोमवारी सकाळी ज्या ऑफिसच्या मस्टरवर सही करायची असते ते ऑफिस माणसाला किती मोठं वाटत असेल! भारतीय हॉकीत ताठ मानेने बोलायचं असेल तर खिशात दुसरा पगार असावा लागतो. धनराज बोलला, भरपूर बोलला, आयुष्यभर बोलत राहिला. त्याचा स्वभाव तर तसा होताच, पण पायाखाली जमीन होती हेही विसरू नकोस.

आता त्याच्या क्लबांकडे येऊ, कारण तुझ्या डोक्यात पाच देश म्हणजे पाच सारख्या गोष्टी आहेत, आणि तिथेच गडबड आहे. लंडनचं इंडियन जिमखाना हे १९१६ साली सुरू झालेलं, तिथल्या भारतीय लोकांनी जपलेलं ठिकाण. भाषा, जेवण, गप्पा, सगळं ओळखीचं. मलेशियात तो बीएसएन आणि टेलिकॉम मलेशियाकडून खेळला. एक बँक, दुसरी टेलिफोन कंपनी. म्हणजे आपल्या खात्यांचेच मलेशियन चुलतभाऊ! ढाक्याचं आबाहनी म्हणजे गर्दी, घोषणा, मोहामेडनशी खानदानी वैर. काही आठवड्यांत निकाल लावायचा आणि परत यायचं. फ्रान्समधलं लिऑं आणि जर्मनीतलं स्टुटगार्टर किकर्स हे मात्र खऱ्या अर्थाने युरोपी क्लब. तिथे सभासद वर्गणी भरतात, आजोबा टेनिस खेळतात, नात हॉकी खेळते, पहिला संघ हा क्लबच्या अनेक संघांपैकी एक असतो. परदेशी खेळाडू बोलावतात तो एक तर गोल करायला किंवा पोरांना शिकवायला. धनराजला बोलावलं ते गोल करायला. १९९४ च्या सिडनी वर्ल्ड कपनंतर जागतिक संघ निवडला गेला त्यात तो एकटा भारतीय होता. असा माणूस दारात आला की क्लबच त्याच्या तारखांशी जुळवून घेतो. तुला बोलावताहेत ते पोरांना शिकवायला, आणि रविवारी खेळशीलही. यात कमीपणा काहीच नाही, मी स्वतः तुझ्या वयात उडी मारली असती. पण या दोन बोलावण्यांना एकाच तराजूत घालू नकोस.

हेच तुला अलीकडच्या काळातही दिसेल. सरदार सिंग बेल्जियमच्या ल्यूव्हेनकडून आणि नेदरलँड्सच्या ब्लूमेंडालकडून खेळला, तेव्हा तो भारताच्या संघातलं पक्कं नाव होता, आणि मागे हरियाणा पोलिसांतली नोकरी होती. म्हणजे आधी खातं, मग इंडिया, मग क्लब. याला अपवाद आहेत, नाही असं नाही. पण पहिली उडी अपवादाच्या भरवशावर मारू नये.

जर्मनीची बाजू मी मुद्दाम उचलून धरतो, नाहीतर म्हणशील सर पप्पांना मिळालेले आहेत. तिथे दोन गोष्टी नक्की मिळतील. पहिली म्हणजे चांगलं टर्फ, वेळेवर पाणी मारलेलं, आणि त्यावर झुंबड नाही. दुसरी, आणि राइट इनसाठी फार मोलाची, म्हणजे इनडोअर. तिथे बाहेरचा सीझन शरद ऋतूत थोडा आणि वसंतात थोडा असा दोन तुकड्यांत असतो, मधल्या कडाक्याच्या थंडीत सगळे हॉलमध्ये जातात. सहा-सहा जणांचा खेळ, बाजूला लाकडी फळ्या, बॉल मारायचा नाही, फक्त पुश. जागा इतकी कमी की पहिला टच सहा इंच लांब गेला तरी बॉल दुसऱ्याचा. आपली मुलं या खेळाकडे ढुंकूनही बघत नाहीत. एक हिवाळा हॉलमध्ये काढलास तर डीच्या (गोलसमोरच्या अर्धवर्तुळाच्या) टोकावर, दोन बॅकच्या मध्ये, पाठ गोलकडे असताना बॉल कसा थांबवायचा हे हाताला कळतं. ते सांगून शिकवता येत नाही.

पण मग कागद बघू. ‘सायकल आणि पॉकेटमनी’ हे व्हॉट्सअॅपवर ठीक आहे. व्हिसा कुठला? शेंगेनच्या साध्या व्हिसावर १८० दिवसांत ९० दिवसच राहता येतं, आणि त्यावर काम करायची परवानगी नसते. मुलांना शिकवून पैसे घेणं हे कामच. पूर्ण सीझन राहायचं तर जर्मनीचा दीर्घ मुदतीचा व्हिसा लागेल, आणि तो कुठल्या कारणावर मिळणार हे क्लबने लेखी सांगायला हवं. तिथे तरुणांसाठी वर्षभराच्या स्वयंसेवी सेवेची रीतसर व्यवस्था आहे, त्यातून क्रीडा क्लबांतही काम करता येतं. कदाचित तुझ्या सीनियरच्या डोक्यात तेच असेल, कदाचित काहीच नसेल. विचार. दुसरं, परदेशी लीग खेळायला हॉकी इंडिया या राष्ट्रीय संघटनेचं ना-हरकत प्रमाणपत्र लागतं. ते न घेता गेलास तर परत आल्यावर कटकट होईल आणि तेव्हा सीनियर फोन उचलणार नाही. तिसरं, विमा. गुडघ्याचा लिगामेंट गेला तर तिथल्या दवाखान्याचं बिल, परतीचं तिकीट आणि पुढच्या सहा-आठ महिन्यांचा व्यायाम, हे कुणाच्या खिशातून? या प्रश्नाचं उत्तर देताना जो माणूस ‘अरे तू ये तर आधी’ म्हणतो, त्याच्याकडे जायचं नाही. सीनियर वाईट आहे असं मी म्हणत नाही, त्याने स्वतः कदाचित असंच केलं असेल आणि निभावलंही असेल.

मी आत्ताच थांब म्हणतो त्याला आणखी एक कारण आहे, तुझं वय. आंतरराष्ट्रीय ज्युनियर हॉकी २१ वर्षांखालची. तुझ्या हातात अजून थोडा काळ आहे, आणि तो युरोपात घालवायचा नसतो. हॉकी इंडिया लीग २०२४-२५ मध्ये परत सुरू झाली, तेव्हा प्रत्येक संघाने २४ खेळाडू घ्यायचे, त्यात किमान १६ भारतीय, आणि त्या भारतीयांत चार ज्युनियर असलेच पाहिजेत, असा नियम होता. आठ संघांचा हिशोब तूच कर. लिलावाची किमान किंमत २, ५ आणि १० लाख अशा तीन गटांत होती. हरमनप्रीत सिंगला सूरमा क्लबने ७८ लाखांना घेतलं हे सगळ्यांनी वाचलं, पण तुझ्या कामाची बातमी त्या दोन लाखवाल्या गटाची आहे. अशा जागांसाठी पोरं कुठे बघितली जातात? ज्युनियर नॅशनलला, खात्यांच्या आंतरविभागीय स्पर्धांना, बेटन कप, बॉम्बे गोल्ड कप अशा जुन्या स्पर्धांना. जर्मनीतल्या तिसऱ्या पातळीवर बसून बघणारा कुणी नाही.

यात तुझ्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर अर्धं आलंच. इंडिया कॅम्पवाले विसरतील का? बाळा, विसरायला आधी आठवणीत असावं लागतं. राग मानू नकोस. ज्युनियर नॅशनल खेळलेली मुलं दरवर्षी शेकड्यांनी निघतात. निवड समितीच्या वहीत नाव जायला तुला एका स्पर्धेत दिसावं लागेल, मग दुसऱ्या स्पर्धेत परत दिसावं लागेल, आणि मधल्या काळात कुठल्यातरी कोचने तुझ्याबद्दल दोन शब्द टाकावे लागतील. खात्याचा कोच ते करतो. त्याचा स्वार्थ असतो त्यात, खात्याचा पोरगा इंडियाला गेला की त्याचं नाव होतं.

आता पप्पांच्या बाजूची हवा थोडी काढतो. खातं घेतलं म्हणजे जन्माची सोय झाली, असं त्यांना वाटत असेल तर तो जुना काळ होता. स्टायपेंड म्हणजे नोकरी नव्हे. दोन वर्षांनी जागा निघाल्याच नाहीत तर तुझ्या हातात किट बॅग आणि अनुभवाचा दाखला राहील. खात्यांचे संघही अमर नसतात. धनराज पुढे ज्या एअर इंडियाच्या हॉकीशी जोडला गेला, ती सरकारी कंपनी २०२२ च्या जानेवारीत टाटांकडे परत गेली. मालक बदलतात, साहेब बदलतात, खेळाचं बजेट एका सहीने उडतं. म्हणून सही करण्याआधी मुंबईला जा आणि विचार: मागच्या चार-पाच वर्षांत स्टायपेंडवर घेतलेल्या मुलांपैकी किती जण कायम झाले? त्यांची नावं विचार, त्यातल्या दोघांना चहा पाज. स्टायपेंड दर महिन्याला मिळतं की तीन-तीन महिने तुंबतं? राहायची सोय आहे की कुर्ल्यात चौघांत एक खोली घ्यावी लागेल? दुखापतीत पैसे चालू राहतात का? आणि सगळ्यात महत्त्वाचं, सीझन संपल्यावर दोन-अडीच महिने बाहेर खेळायला सोडतात का? हे शेवटचं पहिल्याच दिवशी विचारू नकोस, साहेबांच्या कपाळावर आठी येईल. पण खेळणाऱ्या मुलांकडून काढून घे.

बी. कॉम. सोडू नकोस. यावर मी वाद ऐकणार नाही. कायम जागा निघते तेव्हा फॉर्मवर शिक्षणाचा रकाना असतो. आणि प्रमाणपत्रं! महाराष्ट्रात सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे, पण कुठल्या स्पर्धेतली कामगिरी कुठल्या गटाच्या पदाला चालते याचे नियम आहेत, आणि प्रमाणपत्राची क्रीडा खात्याकडून पडताळणी करून घ्यावी लागते. भरतीची जाहिरात आल्यावर धावाधाव करणारी मुलं मी पाहिली आहेत. संघटनेत भांडणं, सचिव बदललेला, शिक्का कुणाकडे ते कुणाला माहीत नाही. तुझी ज्युनियर नॅशनलची प्रमाणपत्रं आज कुठे आहेत? आईच्या कपाटातल्या साड्यांखाली असतील तर काढ, पडताळणीला टाक.

जाता जाता एक विचित्र गोष्ट. धनराजचे सामने ३३९ हे आपण सगळे म्हणतो. गोल किती? तो स्वतः १७० च्या वर सांगतो, पण अधिकृत आकडा नाही, कारण त्या काळी फेडरेशनने गोलांची नोंदच ठेवली नाही! पंधरा वर्षं भारताच्या फॉरवर्ड लाइनचा चेहरा असलेल्या माणसाचे गोल मोजायला कुणी नव्हतं. तेव्हा एक वही कर. तारीख, स्पर्धा, ग्राऊंड, समोरचा संघ, किती मिनिटं खेळलास, गोल, कुणाला पास दिला ज्यावर गोल झाला, आणि निकाल. स्कोअरशीटचा फोटो काढून ठेव. चर्चगेटच्या ग्राऊंडवरची ती कार्बन लावलेली स्कोअरशीट मॅच संपल्यावर कुणालाही बघता येते, दोन मिनिटं थांबायचं एवढंच. दोन-तीन वर्षांनी जर्मन क्लबला लिहिशील तेव्हा ‘चांगला खेळतो’ याच्याऐवजी ही वही बोलेल, आणि खात्यात इन्क्रिमेंटचा विषय निघेल तेव्हाही.

तू विचारलं नाहीस, पण पत्राच्या आत मला एक भीती दिसते: खातं घेतलं तर आपण छोटे राहू. धनराजच्या चार ऑलिंपिकमध्ये भारताचा नंबर काय आला माहीत आहे? बार्सिलोना सातवा, अटलांटा आठवा, सिडनी सातवा, अथेन्स सातवा. सिडनीत पोलंडला हरवलं असतं तर उपांत्य फेरी होती. १-० पुढे होतो. शेवटची दोनेक मिनिटं राहिली असताना पोलंडने बरोबरी केली, आणि आपल्याऐवजी दक्षिण कोरिया पुढे जाऊन रौप्य घेऊन आला. त्या दिवशी धनराज ढसाढसा रडला. तरीही बत्तिसाव्या वर्षी हरून आलेला तो माणूस पुन्हा मुंबईच्या ग्राऊंडवर सरावाला उभा राहिला, आणि २००२ च्या कलोनच्या चॅम्पियन्स ट्रॉफीत स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू ठरला. २००३ चा आशिया कप कप्तान म्हणून जिंकला. या दोन वर्षांत त्याला सराव, फिजिओ आणि पगार देणारी व्यवस्था होती म्हणून हे शक्य झालं. छोटेपणा त्यात मला तरी दिसत नाही.

पप्पांशी बोलताना ‘धनराज’ हा शब्द काही दिवस वापरू नका, दोघांनीही. त्यांना सरळ सांग: मी दोन वर्षं मुंबईत देतो, बी. कॉम. पूर्ण करतो, आणि तेवढ्यात कायम झालो नाही तर तुम्ही मला जर्मनीसाठी अडवायचं नाही. तारीख ठरवून सांग. बापांना मुदत आवडते. त्यांची निवृत्ती जवळ आली असेल, घराचे हप्ते असतील, धाकटं भावंड असेल, त्यातलं तू पत्रात काही लिहिलं नाहीस. ते असेल तर हे सगळं आणखी सोपं आहे, तुलाही ते माहीत आहे.

आणि जर्मन क्लबला आजच मेल टाक, सीनियरच्या मार्फत नको, स्वतःच्या नावाने. इंग्रजी साधं चालेल, त्यांचंही तसंच असतं. विचारल्याबद्दल आभार मान. लिही की या वर्षी मला मुंबईतल्या संघाकडून खेळायचं आहे, पण तुमच्या इनडोअर सीझनमध्ये पुढे कधी एखादा परदेशी खेळाडू लागला तर मला कळवा, मी तारखा जुळवायचा प्रयत्न करीन. सोबत तुझ्या चांगल्या सामन्यांतले तीन-चार मिनिटांचे तुकडे जोड, गाणं न लावता. गोल कमी आणि बॉल नसतानाची धाव जास्त दाखव, कोच लोक तेच बघतात. आणि व्हिसा, विमा, ना-हरकत प्रमाणपत्र याबद्दल तुमच्याकडे काय पद्धत आहे, हेही त्याच मेलमध्ये विचारून घे.